दुष्काळाची पूर्वसूचना

दुष्काळ हा सांगून येणारा शत्रु आहे. भूकंप अवचित होतो, महापूर एका रात्रींत गांव बुडवितो. दुष्काळास मात्र शिवारांतून घरांत शिरावयास कित्येक महिने लागतात. मृग कोरडा जातो, दुबार पेरणीही साधत नाहीं, ज्वारीचा भाव चढतो, बैल बाजारांत जातात, आणि अखेरीस माणसें गांव सोडतात. इतका अवधि देऊन येणाऱ्या शत्रूनें आम्हांस दर वेळीं बेसावध कां गांठावें?

नांदेडच्या सीमेस लागून असलेल्या, लातूर जिल्ह्यांतील जळकोटच्या डोंगराळ मुलखांत हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाहीं. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि १९५६ सालीं मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यांत आला. तेव्हां दुष्काळनिवारणाची जी व्यवस्था त्याच्या वांट्यास आली, तिचें मूळ शोधावयाचें तर मुंबई इलाख्याच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे.

१८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती आणवून ती सरकारपुढें मांडली. सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहानें कामकऱ्यांची मजुरी पोटास पुरेना इतकी उतरविण्यांत आली, तेव्हां सभेनें तिच्याविरुद्ध अर्ज केले. पुढें सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल १८८० सालीं आला, आणि त्यांतून प्रांतोप्रांतींच्या दुष्काळसंहिता निघाल्या.

या संहितांत अरिष्टाचीं पूर्वचिन्हें नमूद केलेलीं आढळतात. धान्याचे भाव चढणें, सावकारानें हात आखडणें, दानधर्म आटणें, चोऱ्या वाढणें, लोकांनीं वणवण हिंडूं लागणें, हीं तीं चिन्हें होत. परंतु यांतील एकेक चिन्ह म्हणजे कोणाचें तरी घर अगोदरच मोडल्याची खूण आहे! शिवाय चिन्हें दिसल्यावरही सरकार प्रथम चाचणीचीं कामें काढी. कष्ट भारी, मजुरी जेमतेम; इतक्यावरही लोक लोटले तर त्यांची गरज खरी मानावयाची, असा तो हिशेब होता. याच काळांत, १८८६ सालीं, वेधशाळा खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड हे हिमालयावरील बर्फ पाहून मोसमी पावसाचें भाकीत करूं लागले होते. आकाश वाचण्याची विद्या बाल्यावस्थेंत होती हें खरें. तथापि मदतीस खरें गमक वाटे तें भुकेलेल्यांच्या गर्दीचें.

स्वराज्यांत एक मोठें पाऊल पडलें. १९७२ च्या दुष्काळांत कामें फार मोठ्या प्रमाणावर निघालीं; मे १९७३ मध्यें सुमारें ४९ लक्ष माणसें त्यांवर राबत होतीं. वि. स. पागे यांच्या पुरस्कारानें रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, अन्यथा भत्ता! भुकेची परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या ठिकाणीं काम देण्यास बांधलेलें राज्य आलें, हें या कायद्याचें खरें महत्त्व होय.

परंतु हा हक्क मजुरीचा होता. पाण्याची तजवीज त्यानें होत नाहीं. पीक पन्नास पैशांच्या आंत आलें कीं टंचाई मानावयाची, ही पैसेवारीची रीत. पण खरिपाची अखेरची पैसेवारी डिसेंबरांत ठरते, आणि पावसानें दगा दिलेला असतो जुलै-ऑगस्टांतच! २०१४ व २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे अपुरे गेले, मांजरा धरण आटलें, आणि १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पांच लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूर शहरीं पोंचली. तिचें कौतुक झालें, तें योग्यच होतें. परंतु धरणांतील साठा दिवसेंदिवस मोजला जात असतां ही वेळ यावी, यांत उणीव ज्ञानाची नव्हे, निश्चयाची दिसते.

हल्लीं जगांत पूर्वकृतीचा विचार बळावत आहे. अमुक भाकीत आलें कीं अमुक रक्कम, अमुक कामासाठीं, नव्यानें मंजुरी न मागतां सुटावयाची, असें अगोदरच ठरवून ठेवावयाचें. जुलै २०२० मध्यें बांगलादेशांत यमुनेचा पूर शिगेस पोंचण्यापूर्वींच संयुक्त राष्ट्रांनीं या पद्धतीनें ५२ लक्ष डॉलर मोकळे केले. पुरास दिवसांचा अवधि असतो, दुष्काळास महिन्यांचा. मग तेंच येथें कां साधूं नये? ऑगस्टअखेर पाऊस व जलसाठा ठराविक रेषेखालीं गेला, तर चारा, पिण्याचें पाणी आणि मजुरी यांची तरतूद त्याच आठवड्यांत आपोआप सुरू व्हावी.

भाकीत चुकलें तर पैसा वायां जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदींच पोकळ नाहीं. चुकीच्या इशाऱ्यांनीं लोकांचा विश्वास उडतो. परंतु गाळ काढलेलें तळें पाऊस आला तरी वायां जात नाहीं. मोडीच्या भावानें विकलेली बैलजोडी मात्र परत येत नाहीं. या दोन चुकांपैकीं कोणती पत्करावयाची, याचा निर्णय राज्यानें पावसाळ्यापूर्वींच केलेला असावा. तो पुढें ढकलला तर त्याची किंमत सरकारी तिजोरी देत नाहीं. ती जळकोटच्या कोरडवाहू शेतकऱ्यास द्यावी लागते.