चार विमाने, एक मध्यरात्र आणि नागपूर (थ्रेड)

रात्री खराडी बायपासवर नागपूरच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहत उभे राहिले, की आकाशात लोहगावच्या विमानांचे दिवे दिसतात. रस्त्याने नागपूर सातशे किलोमीटरांहून अधिक, म्हणजे अख्खी रात्र. लोहगाव ते सोनेगाव हे सरळ हवाई अंतर मात्र सुमारे ६०५ किलोमीटर, आणि विमानाला लागतो सव्वा ते दीड तास.

अंतर आणि वेळ यांच्या अशाच एका हिशेबाने स्वातंत्र्यानंतर लगेचच नागपूरला देशाच्या टपालाचा मध्यबिंदू केले होते. आजचा थ्रेड त्या हिशेबाविषयी.

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दळणवळणमंत्री होते रफी अहमद किडवाई. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडण्याच्या सुमारास टपाल आपापल्या शहरी पोचे. सोबत थोडे प्रवासीही असत.

नागपूरच का? 'झिरो माइल'चा स्तंभ आहे म्हणून, असे उत्तर हमखास मिळते. ते आकर्षक आहे. पण वैमानिकाला स्तंभाचा काय उपयोग? हवाई अंतरे पाहा. नागपूरहून मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०५, कलकत्ता ९८५.

म्हणजे नागपूर काटेकोर मध्यावर नाहीच. मुंबई बरीच जवळ आहे, कलकत्ता बरेच दूर. परंतु तेव्हाचे डाकोटा विमान ताशी साधारण २७० किलोमीटर वेगाने जाई. त्या वेगाने मुंबई अडीच तासांवर येते आणि कलकत्ता पावणेचार तासांच्या आत. सर्वांत लांबचे जाणे-येणे सव्वासात-साडेसात तासांचे. त्यात नागपूरचा तास-दीड तासाचा मुक्काम मिळवा. रात्री साडेनऊला निघालेले टपाल सकाळी साडेसहापर्यंत परत! हे गणित माझे आहे, सरळ रेषेचे. वारा आणि धावपट्टीवरचा खोळंबा त्यात धरलेला नाही. तरीही एका रात्रीत ते बसते, आणि माझ्या मते निवडीचे खरे कारण हेच.

दुसरा लाभ विमानांच्या संख्येचा. चार शहरे परस्परांशी थेट जोडायची, तर दर रात्री बारा एकेरी उड्डाणे हवीत, तीही लांब पल्ल्याची. मध्ये नागपूर ठेवले की चार विमानांची आठ छोटी उड्डाणे पुरतात. पुणे या चौघांत नव्हते. इथल्या पत्राला ही विमाने गाठायची तर आधी मुंबई गाठणे आले.

१ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत साधी पत्रेही जादा आकाराविना विमानाने जाऊ लागली. जे पत्र मुंबईहून कलकत्त्याला रेल्वेने दीड-दोन दिवसांनी पोचे, ते आता दुसऱ्या दिवशी हाती पडणे शक्य झाले, आणि तेही साध्या तिकिटावर. योजनेचा सर्वांत मोठा पराक्रम मला हाच वाटतो. विमान तेव्हा श्रीमंतांचे वाहन होते. तिकीट लावलेले पत्र कुणाचेही असू शकत होते.

१९७३ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथून 'फेडेक्स'ने रात्रीची पार्सलसेवा सुरू केली. रचना तीच : सगळी विमाने रात्री एका ठिकाणी, माल बदलायचा, पहाटे परत. व्यवस्थापनाच्या वर्गांत मेम्फिसचा दाखला आवर्जून देतात. सोनेगावची रात्रीची गजबज मात्र त्याच दशकात थांबली.