वीरकथेतील राजकारण : 'कीचकवधा'पासून आजपर्यंत

२०२५ च्या जुलै महिन्यात आमच्या एका भाच्याने आम्हांस शिरूरहून पुण्यास नेऊन 'सुपरमॅन' हा नवा इंग्रजी चित्रपट दाखविला. आकाशातून उडणाऱ्या या महाबली पुरुषाविषयी आम्हांस फारसे कुतूहल नव्हते. परंतु भाच्याच्या आग्रहापुढे मामाचे काय चालणार? चित्रपटात एक बलाढ्य राष्ट्र आपल्या दुबळ्या शेजाऱ्यावर चाल करून जाते, आमचा वीर कोणत्याही सरकारची अनुज्ञा न घेता ती स्वारी थोपवितो, आणि मग 'हा परका. यास येथे अधिकार काय?' असा गिल्ला त्याच्याच देशात सुरू होतो. ही एका स्थलांतरिताची कथा आहे, असे दिग्दर्शकाने बोलून दाखविल्यामुळे अमेरिकेत पुष्कळ वादही झाला होता. परतताना मोटार वाघोली ओलांडून पुढे आली तेव्हा भाचा त्रासून म्हणाला, "मामा, हल्ली या पिक्चरमध्ये राजकारण फार घुसवतात. मजाच गेली सगळी."

ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेणार नाही. दिवसभर कारखान्यात राबून आलेल्या माणसास दोन घटका निर्भेळ करमणूक हवी असेल, तर त्यात गैर काही नाही. परंतु त्याच सुमारास पेरणे फाट्याजवळचा जयस्तंभ मागे पडत होता. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईचे स्मारक म्हणून तो इंग्रजांनी आपल्या पराक्रमाच्या अभिमानाने उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे आले आणि त्याच दगडावर कोरलेल्या महार शिपायांच्या नावांतून एका दडपलेल्या समाजास स्वतःच्या शौर्याचा दाखला मिळाला. दगड तोच, पण त्याची कथा कोण सांगतो यावर तिचा अर्थ अवलंबून राहिला. भीमेचा पूल ओलांडला की कोरेगाव, आणि तेथून वढू बुद्रुकची, म्हणजे संभाजी महाराजांच्या समाधीची, वाट फुटते. ती पाहून आम्हांस आठवण झाली, आणि आम्ही विचारले, "फेब्रुवारीत तू 'छावा' दोनदा पाहिलास. तेव्हा राजकारण दिसले नाही ?" तो तत्काळ उत्तरला, "ते आपलंच आहे, मामा. त्यात कसलं राजकारण ?"

या उत्तराने आम्हांस जितके विचारात पाडले तितके अलीकडे कोणत्याही ग्रंथाने पाडले नसेल.

वस्तुतः सुपरमॅनच्या कथेत राजकारण मागाहून शिरले, हा समजच चुकीचा आहे. १९३८ साली जेरी सीगल व जो शूस्टर या, स्थलांतरित यहुदी कुटुंबांत जन्मलेल्या दोन तरुणांनी हा वीर प्रथम छापून आणला. त्या पहिल्याच अंकात तो बायकोस मारणाऱ्या नवऱ्याची खोड मोडतो, आणि एका लाचखाऊ सिनेटरचा पाठलागही करतो. 'कॅप्टन अमेरिका'च्या मार्च १९४१ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणीत आहे. त्या वेळी अमेरिका अद्याप युद्धात उतरलीही नव्हती. त्या चित्रामुळे चित्रकारांस धमक्या आल्या. म्हणजे 'राजकारण घुसविले' ही ओरड या वीरांइतकीच जुनी आहे.

पण अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आमच्या रंगभूमीवर याहून मोठे उदाहरण घडून गेले आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. वंगभंगास दोन वर्षे झाली नव्हती. लॉर्ड कर्झन विलायतेस परतले होते, परंतु त्यांनी दुखावलेली मने येथेच होती. विराटपर्वातील कथा घराघरांत ठाऊक : पांडव अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीच्या सेवेत, राणीचा भाऊ व राज्याचा सेनापती कीचक तिच्या मागे लागलेला, राजा विराट त्याच्यापुढे दुबळा, धर्मराज कंकभट्ट म्हणून द्यूताच्या पटाशी आणि भीम बल्लव म्हणून चुलीशी. खाडिलकरांनी यात कर्झनचे नाव कोठेही घातले नाही. तशी गरजही नव्हती. प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकास कीचक कोण, सैरंध्री कोण, थांबा म्हणणारा धर्म कोण आणि दात खाणारा भीम कोण, हे न सांगता उमगत होते.

सरकारासही ते उमगले, पण जरा उशिरा. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला, आणि १९१० च्या आरंभी 'कीचकवधा'वर बंदी आली. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा हाताशी होताच. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल यांचा हिंदी असंतोषावरील ग्रंथ निघाला. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त व भीम म्हणजे जहाल, असा उलगडा त्यात दिलेला आहे. प्रयोग पाहताना पुरुषांचे चेहरे कसे ताणले जात व स्त्रियांचे डोळे कसे चमकत, याचेही वर्णन आहे. चिरोल लोकमान्यांचे कट्टे विरोधक. परंतु नाटकाच्या परिणामाची त्यांनी दिलेली ही साक्ष कोणत्याही स्तुतिपाठकाच्या साक्षीपेक्षा अधिक मोलाची आहे.

येथे आम्हांस आमच्या एका पापाची कबुली दिली पाहिजे. हे नाटक वर्गात शिकविताना आम्ही अनेक वर्षे फळ्यावर दोन रकाने आखीत आलो : डावीकडे पात्रे, उजवीकडे त्यांचे 'खरे' अर्थ. मुले ते उतरवून घेत व परीक्षेत जसेच्या तसे लिहीत. चारपाच वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, सैरंध्री म्हणजे देश, हे एकदा ठरलं, मग तिचा हात धरला तेव्हा दुखलं कुणाला?" वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण उत्तर सुचेना. बाईची विटंबना ही प्रथम बाईची विटंबना असते. ती तशी काळजास झोंबली, तरच मागून देश आठवतो. चिरोल यांनी नाटकाचा जो उलगडा केला तोच आम्ही दरसाल करीत होतो, आणि मुलांस नाटक नीरस वाटते म्हणून त्यांनाच बोल लावीत होतो.

तेव्हापासून हे नाटक आम्ही निराळ्या दृष्टीने वाचतो. भीमास बळ कमी नाही. त्याला बांधून ठेवले आहे ते अज्ञातवासाच्या अटीने. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास. म्हणून धर्माचे 'थांब' हे निव्वळ भ्याडपण नव्हे, आणि भीमाचा क्रोध हा निव्वळ उतावळेपणाही नव्हे. सामर्थ्य आहे, पण ते झाकलेले. अन्याय डोळ्यांदेखत चालला आहे, आणि वचन मोडल्यावाचून तो निवारता येत नाही. चष्मा लावून वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या लिहिणारा सुपरमॅन आणि विराटाच्या मुदपाकखान्यात पळी ढवळणारा बल्लव हे एकाच जातीचे पुरुष होत. कायद्याहून अधिक बळ ज्याच्या अंगी, त्याने ते केव्हा वापरावे हा राजधर्माचाच प्रश्न आहे. तो काढून टाकला तर उरते ती कुस्ती. आणि कुस्ती पाहावयाची तर आमच्या गावोगावच्या जत्रांतील आखाडे चित्रपटापेक्षा केव्हाही सरस!

पुढे चित्रपटांचेही तेच झाले. १९२१ च्या 'भक्त विदुर' या मूकपटात विदुरास खादीची टोपी चढली व मद्रास, कराची येथे त्यावर बंदी पडली. १९३० साली प्रभातच्या शिवाजीविषयक मूकपटाच्या नावातील 'स्वराज्य' हा शब्द परीक्षकांस सोसला नाही, तेव्हा तो 'उदयकाल' म्हणून दाखविला गेला.

राजकारणाने रंजन मरते, असे ज्यांस वाटते त्यांनी शिरूरहून न्हावऱ्याच्या वाटेने दौंड तालुक्यातील चौफुल्यास जाऊन एकदा तमाशा पाहावा. गौळणीत कृष्ण वाट अडवितो, मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणी जाब विचारतात, आणि मावशी मध्येच गावच्या सरपंचाची, साखर कारखान्याच्या निवडणुकीची अशी काही टोपी उडविते की पहिल्या रांगेत बसलेल्या पुढाऱ्यासही हसावे लागते. तेथे 'मजा गेली' असे कोणी म्हणत नाही, कारण मावशी कोणाच्या पदरची नसते. आज याची, उद्या त्याची.

आमच्या मनात शंका उरते ती येथेच. 'कीचकवध' पाहावयास जाणारा सरकारच्या मर्जीविरुद्ध जात होता. 'छावा'स मध्यप्रदेश व गोवा येथील सरकारांनी करमाफी दिली. आणि मार्च २०२५ मध्ये नागपुरास दंगल झाली तेव्हा, या चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना चेतल्या, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. संभाजी महाराजांच्या हौतात्म्यापुढे आमचीही मान नम्र होते. वढूस आम्ही अनेकदा गेलो आहो. परंतु ज्या वीरकथेच्या पाठीशी सरकार उभे असते, ती पाहताना प्रेक्षकाने आपला विवेक दुप्पट जागा ठेवावा, असे आमचे मत आहे. भाच्यास ते पटले नाही. "मग तुमचा भीमपण आपलाच की," तो म्हणाला. त्याच्या या बोलण्यात तथ्य होते. १९०७ च्या प्रेक्षकासही नाटकात राजकारण दिसले नसून केवळ 'आपले' दिसले असेल. राजकारण दिसले ते चिरोल साहेबांस.

रांजणगाव येईपर्यंत कोणीच बोलले नाही. शिरूरास उतरताना त्याने 'कीचकवधा'ची आमची जुनी प्रत मागून नेली. पंधरा दिवसांनी ती परत आली, तेव्हा आत एक चिठ्ठी होती : कीचकाची भाषणे झकास आहेत, भीमास आणखी बोलू द्यावयास हवे होते, आणि सैरंध्रीचे पुढे काय झाले ते मूळ महाभारतात कोठे सापडेल?