दारूकोठार : ओल, ऊन आणि पहारा

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. प्रमाण साधारण 75, 15 आणि 10. कोरडी राहिली तर ती वर्षानुवर्षे टिकते. सोऱ्यात इतर क्षार राहिले असतील, तर मात्र तो हवेतली ओल पटकन धरतो. मग दारूचे गठ्ठे होतात, सोरा विरघळून वेगळा पडतो आणि बार फुसका जातो.

महाराष्ट्रात ही अडचण मोसमी पावसाने वाढवली. दसऱ्याला सैन्ये बाहेर पडत, म्हणजे मोहिमेची दारू आधीचे चार ओले महिने कोठारात काढत असे. आजच्या बुलढाणा जिल्ह्याने अशा मोहिमा पाहिल्या आहेत. 1724 च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पाडाव केला. 1757 साली सिंदखेडला मराठे आणि निजाम यांची गाठ पडली.

दारू कशी सांभाळावी याचे नेमके नियम रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आहेत. दारूखाना राहत्या घरांपासून दूर, पण सदरेवरून नजरेत राहील असा बांधावा. भोवती भक्कम कुसू घालावा. आत तळघर करून त्यात माच घालावा आणि दारूची मडकी त्यावर ठेवावीत, म्हणजे जमिनीची ओल त्यांना लागत नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने समोर उभे राहून दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. पहारा रात्रंदिवस असावा आणि परवानगीशिवाय कोणी जवळ फिरकू नये.

अंतराचा नियम किती मोलाचा होता, हे सिंहगडावर दिसले. 1751 साली तिथल्या कोठारावर वीज पडली आणि स्फोटात गडावरचे फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले.

इंग्रजी अमलात, 1853 नंतर, वऱ्हाडात हा विषय गडावरून कायद्याच्या कक्षेत आला. 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगण्याला आणि 1884 च्या स्फोटक कायद्याने दारू बनवण्या-साठवण्याला परवान्याची चौकट घातली. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. या बंदुकीत दारू हातानेच भरतात, म्हणून काळ्या दारूला ओलीपासून जपण्याचे काम गड ओस पडल्यावरही उरले.

काडतुसांत मात्र 1884 नंतर धूरविरहित दारू आली आणि साठवणीचे गणित बदलले. तिचा मुख्य घटक, नायट्रोसेल्युलोज, काळ जाईल तसा आपोआप विघटित होतो. हा वेग कमी राहावा म्हणून दारूत डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक मिसळतात. उष्णतेने विघटन झपाट्याने वाढते. म्हणून काळ्या दारूला जे ऊन मुद्दाम दिले जाई, तेच हिला घातक ठरते. तिच्या कोठारात कोरडेपणा हवाच, शिवाय बाराही महिने गारवा लागतो.