डंकेल प्रस्ताव, सरकारचा बचाव आणि घरचे बेणे

१/ डोंगरकडा परिसरात हळद काढली की पुढच्या लागवडीचे बेणे घरीच राखून ठेवतात. राखलेले बियाणे शेतकऱ्याचेच राहील का, हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी देशभर पेटला होता. तेव्हा हिंगोली जिल्हा अस्तित्वातही नव्हता; डोंगरकडा परभणी जिल्ह्यात होते.

२/ डिसेंबर १९९१ मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी जागतिक व्यापार कराराचा मसुदा मांडला. शेतीची अनुदाने आणि बियाण्यांवरील बौद्धिक हक्क त्यात आले. विरोध तीव्र होता. डिसेंबर १९९२ मध्ये कर्नाटकातील शेतकऱ्यांनी बंगळुरूतील कारगिल कंपनीच्या कार्यालयावर हल्ला केला.

३/ केंद्र सरकारने तीन मुद्द्यांवर बचाव केला.
• कराराबाहेर राहिल्यास अमेरिकेच्या दबावाला एकट्याने तोंड द्यावे लागेल.
• आपली अनुदाने १० टक्क्यांच्या मर्यादेच्या आत आहेत. कपात करावी लागणार नाही.
• वाणांच्या संरक्षणासाठी आपण स्वतःचा कायदा करू शकतो.

४/ महाराष्ट्रात मात्र चित्र वेगळे होते. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनीच डंकेल प्रस्तावाचे समर्थन केले. त्यांच्या मते शेतकऱ्याला मिळत होती ती ‘उणे सबसिडी’: निर्यातबंदी आणि सक्तीची खरेदी करून भाव पाडणारे आपलेच सरकार होते. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेमुळे खासगी व्यापाऱ्याला कापूस विकण्यास बंदी होती. मराठवाड्यातील कापूस उत्पादकाला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नव्हता.

५/ १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे भारताने सही केली. त्यासाठी संसदेच्या पूर्वमंजुरीची घटनात्मक गरज नव्हती. त्यामुळे बियाण्यांविषयीचा तिसरा मुद्दा तूर्त केवळ आश्वासन होता.

६/ १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपायाला पेटंट मिळाले. ते या कराराचे फळ नव्हते, पण भीती खरी वाटू लागली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले.

७/ अखेर २००१ मध्ये पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. बियाणे राखणे, पेरणे, वाटणे, विकणे हे हक्क त्याने मान्य केले. संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकण्यास तेवढी मनाई आहे. या तरतुदीमागे बियाणे-हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थांचा दीर्घ आग्रह होता.

८/ म्हणजे सरकारचा तिसरा मुद्दा खोटा नव्हता; तो अपुरा होता. ‘करता येईल’ आणि ‘केले’ यांत सात वर्षांचे अंतर होते आणि ते विरोधकांच्या चिकाटीने कापले गेले. पुढच्या व्यापार करारावेळी आश्वासन ऐकाल, तेव्हा एवढेच विचारा: हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?