कॉर्टेन, रंग आणि गोराईचं मीठ

कॉर्टेन म्हणजे ‘रंग न लावता टिकणारं पोलाद’, असं आपण पाठ करतो. इतिहास जरा वेगळा आहे. यू. एस. स्टीलने १९३३ मध्ये ते आणलं, तेव्हा त्याचा मोठा वापर झाला कोळशाच्या रेल्वे वाघिणींसाठी. रंगाखालीही ते साध्या पोलादापेक्षा जास्त टिकतं, हा त्याचा गुण मानला जाई. उघडं कॉर्टेन मिरवायची फॅशन नंतरची. सारिननने आराखडा केलेलं मोलीनचं जॉन डीअर मुख्यालय १९६४ मध्ये उघडलं, तिथून.

आता यामागचं रसायन. तांबं, क्रोमियम आणि फॉस्फरसमुळे गंजाचा आतला थर बारीक कणांचा, घट्ट होतो आणि पुढचा गंज मंदावतो. पण त्यासाठी पृष्ठभाग आळीपाळीने भिजायला आणि सुकायला हवा. कारखान्यातून आलेली काळी पापडी आधी ब्लास्टिंगने काढली नाही, तर थर ठिगळाठिगळांचा बसतो. आणि मीठ आलं की थर घट्ट होतच नाही, पापुद्रे सुटतात. होनोलुलूचं अलोहा स्टेडियम (१९७५) हे त्याचं महागडं उदाहरण. जपानमध्ये तर उघड्या वापराला मर्यादाच घातली गेली: हवेतून दर चौरस डेसिमीटरवर दिवसाला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मीठ बसत असेल, तर साधं कॉर्टेन उघडं वापरायचं नाही.

मग गोराईत काय होईल? एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. पावसाळ्यात पृष्ठभाग धड सुकत नाही. उरलेले आठ महिने बसलेलं मीठ धुवायला पाऊस नाही. तुळईची खालची बाजू तर पावसातही धुतली जात नाही, त्यामुळे माझ्या मते खरी परीक्षा तिथेच. (इथल्या पॅगोडाचा घुमट दगडात दगड अडकवून, पोलादाच्या आधाराविना उभा आहे. गंजाचा प्रश्नच मिटला!)

आपल्याकडे कॉर्टेन सर्वाधिक ओळखीचं आहे ते रेल्वेमुळे. आयसीएफच्या जुन्या डब्यांचं कॉर्टेन रंगवलेलंच असे, तरी शौचालयाखालचा पत्रा सतत ओला राहून गंजायचा. पुढे एलएचबी डब्यांत स्टेनलेस स्टील आलं.

म्हणून या विषयावरचा पेपर हातात घेतलात, की निष्कर्षाआधी ‘प्रयोगपद्धती’ वाचा. नमुन्यावरची पापडी काढली होती का? तो आकाशाकडे तोंड करून ठेवला होता की आडोशाला? समुद्र किती लांब होता? हे लिहिलेलं नसेल, तर त्यातला गंजाचा वेग गोराईसाठी वापरू नका.