दवंडी किती दूर जावी?

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शैक्षणिक आवाराच्या वायफायची आखणी माझ्याकडे आली. मी प्रत्येक इमारतीला २५४ पत्त्यांचे एकेक सबनेट दिले. “२५४च का?” असे एका तरुण सहकाऱ्याने विचारले. “सगळीकडे तसेच करतात,” याखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हते. परीक्षेच्या दिवशी व्याख्यानगृहात तिसरी तुकडी बसली, तेव्हा सिग्नल भरपूर असूनही मुलांना इंटरनेट मिळेना. पत्ते संपले होते. मग मी त्या आकड्याचा माग काढू लागलो.

१९८१ साली इंटरनेटच्या ३२ बिटांच्या पत्त्यांची वर्गवारी ठरली. अगदी मोठ्यांसाठीचा ‘अ’ वर्ग सोडला, तर संस्थेला ‘ब’ वर्गाचे ६५,५३४ पत्ते मिळत किंवा ‘क’ वर्गाचे २५४. मधले काही नाही. विद्यापीठाला २५४ अपुरे पडत. पण ६५ हजार यंत्रे एकाच जाळ्यावर नांदवणेही शक्य नव्हते. शेजारच्या यंत्राशी बोलण्याआधी यंत्र “हा पत्ता कोणाचा?” अशी दवंडी पिटते. ही रीत १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी लिहून काढली. दवंडी सर्वांनाच ऐकावी लागते. म्हणून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेफ्री मोगल यांनी एकाच संस्थेच्या पत्त्यांचे आतल्या आत वाटे पाडण्याची योजना मांडली आणि पुढच्या वर्षी ती प्रमाण ठरली. वाटा कोणत्याही बिटावर पाडता येत होता. पण आठव्या बिटावर पाडला की पत्ता वाचायला सोपा जाई. १९९३ मध्ये वर्गवारी मोडीत निघाली, तरी २५४ची सवय उरली.

तारेवर ती खपून गेली. हवेची गोष्ट वेगळी. १९७०च्या सुमारास हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी रेडिओवरून संगणक जोडले. ज्याने त्याने मनाला येईल तेव्हा बोलायचे ठरवले, तर वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के भागच कामी येतो, हे त्यांच्या गणिताने दाखवले. वायफायने बोलण्याला शिस्त आणली, पण हवा सामाईकच राहिली. त्यात दवंडी लांबच्यालाही ऐकू जावी म्हणून संथ गतीने द्यावी लागते आणि ती चालू असेपर्यंत त्या वाहिनीवरचे बाकीचे गप्प बसतात.

म्हणजे लहान सबनेट बरे, असे वाटते. पण फोन चालता असतो. ग्रंथालयातून उपाहारगृहात गेला की सबनेट बदलते, पत्ता बदलतो, चालू कॉल तुटतो. शिवाय निघून गेलेल्याचा पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. आमच्याकडे ती मुदत ८ तासांची होती. मी बाके मोजली होती. दिवसभरात येऊन गेलेले फोन मोजायला हवे होते.

नंतर आम्ही दवंडीच अडवली. “हा पत्ता कोणाचा?” या प्रश्नाचे उत्तर वायफायची यंत्रणाच फोनच्या वतीने देऊ लागली, हवेत ती हाक जाईनाशी झाली. मुदत एका तासावर आणली आणि वसतिगृहांखेरीज साऱ्या आवाराला ४,०९४ पत्त्यांचे एकच सबनेट दिले. पुढची परीक्षा सुरळीत पार पडली.

सबनेटचा आकार म्हणजे घरांची मोजदाद, असे मी समजत होतो. मूळ प्रश्न दवंडी किती दूर जावी हा होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसांना तो नीट कळला होता. आम्ही त्यांचे उत्तर पाठ केले आणि प्रश्न विसरलो.