अहवालाचा पहिला प्रश्न

'अहवाल' हा शब्द मुळात अरबी. 'हाल' या शब्दाचे ते अनेकवचन. हाल म्हणजे स्थिती. तेव्हा एखाद्या गोष्टीची खरी स्थिती काय आहे, हे ज्यातून कळते तो अहवाल. परंतु आज अहवाल म्हटला की वार्षिक सभेत घाईघाईने वाचला जाणारा आणि 'मंजूर, मंजूर' म्हणून हातावेगळा होणारा कागदच आपल्या डोळ्यांपुढे येतो. उमेळ्यात काय किंवा वसईच्या इतर गावांत काय, पतपेढी, सोसायटी, मंडळ यांच्या कामात असे कागद दरवर्षी तयार होतात. त्यांच्याकडे इतक्या हलकेपणाने पाहणे बरे नव्हे, असे आम्हांस वाटते. चुकीच्या हिशेबाने ओस पडलेली आणि नीट केलेल्या पाहणीने पुन्हा नांगराखाली आलेली शिवारे महाराष्ट्राने पाहिली आहेत. त्या इतिहासाकडे येथे थोडे वळू.

१८१८ साली पेशवाई संपली. आपला उत्तर कोकणचा मुलूख त्याच्या आदल्याच वर्षी, १८१७ च्या पुण्याच्या तहाने, इंग्रजांकडे गेला होता. आता घाटावरचाही गेला. या नव्या मुलखाचा कारभार माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. पेशव्यांच्या दरबारी त्याने रेसिडेंट म्हणून काही वर्षे काढली होती. मनात आणले असते तर आपल्या माहितीवरच तो वृत्तांत लिहू शकला असता. त्याने तसे केले नाही. त्याने प्रथम प्रश्न तयार केले. वसूल कसा होतो, गावचा बंदोबस्त कोण ठेवतो, तंटे कसे तुटतात, असे ते प्रश्न पुणे, नगर, खानदेश, सातारा आणि धारवाड येथील आपल्या अधिकाऱ्यांकडे त्याने पाठविले. उत्तरे आल्यावर ती ताडून पाहून १८१९ च्या ऑक्टोबरात त्याने आपला अहवाल पुरा केला. पंचायतीचे दोष त्यात त्याने झाकले नाहीत. तरीही ती राखावी असा अभिप्राय दिला. एल्फिन्स्टन परक्या सत्तेचा सेवक होता आणि राज्य टिकविणे हाच त्याचा हेतू होता, हे विसरून चालणार नाही. परंतु निष्कर्षाआधी प्रश्न आणि प्रश्नाआधी जाणकारांचा शोध, हा क्रम त्याने पाळला.

हा क्रम बिघडला म्हणजे काय होते, ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दिसले. पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२५ च्या सुमारास जमिनीची मोठी पाहणी हाती घेतली. माणूस विद्वान, इंग्लंडातल्या नव्या अर्थशास्त्रात मुरलेला. खर्च वजा जाता शेतकऱ्याला जे उरते त्यातले शेकडा ५५ सरकारने घ्यावे, हे त्याचे सूत्र होते. सूत्र कागदावर सुरेख होते. पण ते लावावयाचे तर प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येते, बैल, बियाणे, मजुरी यांस खर्च किती होतो, हे सारे ठाऊक हवे. ते आकडे गोळा करणार हाताखालची माणसे. त्यांच्यावर देखरेख तुटपुंजी. कोठे अंदाज ठोकून दिले गेले, कोठे हात ओले झाल्यावर जमिनीची प्रत बदलली. आकड्यांचे ढीग जमले, पण पायाच कच्चा होता. त्यात धान्याचे भाव उतरले आणि पाऊसही दगा देऊ लागला. १८३० नंतर सारा न झेपल्याने कुणबी जमिनी टाकून जाऊ लागले. कित्येक निजामाच्या हद्दीत गेले. इंदापूर तालुक्यात पांढरीच्या भोवतालची शेते पडीक राहिली.

तेथेच १८३५ साली गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर कामास लागले. प्रिंगलची मोजणी त्यांनी फेकून दिली नाही. जेथे ती निभावण्याजोगी होती तेथे ठेवली. बदलला तो प्रश्न. 'या शेतात निव्वळ उत्पन्न किती?' या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणीच देऊ शकत नव्हते. त्याऐवजी त्यांनी विचारले, 'हे शेत शेजारच्या शेताच्या मानाने कसे?' याचे उत्तर कुदळीने खणून पाहता येते. मातीचा रंग व पोत, तिची खोली, चुनखडी, वाळू, उतार यांवरून जमिनीच्या नऊ प्रती ठरविल्या. पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. सबंध तालुक्यावर बोजा किती बसवावा, हे मागील वसुलाचा इतिहास, पाऊसमान आणि बाजारपेठेचे अंतर पाहून वेगळे ठरविले. हाताखालच्यांनी लावलेल्या प्रतींपैकी काही शेते वरिष्ठांनी स्वतः जाऊन पुन्हा तपासावी, असा दंडक घातला. दर तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक जमीन हळूहळू लागवडीस आली. या अनुभवाचे सार १८४७ च्या संयुक्त अहवालात आले. त्यावर या दोघांबरोबर डेव्हिडसनचीही सही आहे.

पुढे हीच पाहणी ठाणे जिल्ह्यात उतरली, तेव्हा घाटावरचे माप येथे जसेच्या तसे लागेना. इंदापूरच्या काळ्या रानाचा मोठा प्रश्न ओलाव्याचा. आपल्याकडे तो खार आणि गोड्या जमिनीचा, बांधाचा आणि पाण्याचा. भातशेती निराळी, वरकस निराळे, वसईची बागायत तर त्याहून निराळी. म्हणजे चांगला अहवालही दुसऱ्या गावी नेताना त्याचे प्रश्न पुन्हा तपासावे लागतात.

आणि चांगला अहवाल कायमचा चांगला राहतो असेही नाही. अमेरिकेतील यादवीमुळे कापूस महागला. त्या तेजीच्या मागोमाग, १८६७ साली, इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली आणि आकार बराच वाढविण्यात आला. तेजी मात्र टिकली नाही. तेव्हा १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची स्वतः चौकशी केली आणि १८७३ साली आपला अहवाल छापला. १८७६-७७ च्या दुष्काळात तर सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती मिळवून सरकारपुढे ठेवल्या. अहवालाला अहवालानेच उत्तर द्यावे, ही विद्या आपल्या लोकांनी अशी हस्तगत केली.

आपल्या संस्थांचे अहवाल लिहिताना यातून एवढे घेतले तरी पुष्कळ झाले. कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, ते आधी ठरवावे. ज्याचे उत्तर खरोखर मिळू शकेल, असाच प्रश्न विचारावा. तो जाणकाराला विचारावा आणि ज्याच्यावर निर्णयाचा भार पडणार त्यालाही विचारावा. आलेल्या आकड्यांपैकी काही आपण स्वतः जाऊन पडताळावे. कर्ज थकविणाऱ्यांची नुसती यादी सभेपुढे ठेवली तर सभा रागावेल आणि घरी जाईल. ती का थकली हे विचारून ठेवले, तर सभेला काही करता येईल. प्रिंगलजवळ आकडे थोडे नव्हते. त्यांची किंमत मात्र इंदापूरच्या कुणब्याला द्यावी लागली.